दोन वाजताचं वजन

२ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या टेकडीवर फोन लागत नाही, आणि वायरलेसवर बोलावं तर सगळं वनखातं कान लावून बसलेलं असतं, म्हणून पुन्हा कागद आणि पेन. मागे मी वायरलेसवर तुला फक्त गुडघ्याचं विचारलं, तर तीन मनोऱ्यांवरून तुझ्या गुडघ्यावर उपाय आले. एकाने तर दुसरं लग्न सुचवलं. त्याचा गुडघ्याशी काय संबंध, हे अजून मला कळलेलं नाही.

बातमी अशी की आमच्या अंदाज विभागाला सरकारने अखेर नवी यंत्रणा दिली. आजवर वणव्याचा धोका आम्ही अख्ख्या जिल्ह्याचा एकदमच सांगायचो, म्हणजे निम्मे लोक उगाच घाबरायचे आणि निम्मे उगाच निवांत राहायचे. आता संगणक एकेका टेकडीचा अंदाज देणार. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. वणव्याची पथकं कुठे ठेवायची, कुठली वस्ती आधीच रिकामी करायची, हे त्या रंगावरून ठरेल. यंत्रणा याच महिन्यात सुरू होते आहे. बावीस एप्रिलच्या गुरुवारी मंत्री येऊन कळ दाबतील. ती कळ नुसती दिव्याची आहे, पण मंत्र्यांना दाबायला काहीतरी द्यावं लागतं.

संगणकाला शिकवायला जुने आकडे लागतात, म्हणून सगळ्या टेहळणी मनोऱ्यांची आठ वर्षांची रजिस्टरं मागवली. काय एकेक अवतार होते. एक उंदरांनी कुरतडलेलं, एकात सबंध महिना एकच आकडा, एकात मधेच कुणाच्या तरी मुलाने काढलेली बोट. आणि तुझं रजिस्टर. एक दिवस कोरा नाही, एक खाडाखोड नाही, प्रत्येक ओळीत ‘दुपारी २.००’. संचालकांनी ते भर बैठकीत उघडून सगळ्यांना दाखवलं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, हा माझा मामा. आई गेल्यावर मला यानेच वाढवलं. माझं प्रगतिपुस्तक तू असाच दारोदार दाखवत फिरायचास, आठवतं? त्याची परतफेड झाली असं समज.

तुझी,
टकळी


११ मार्च

टकळे,

तुझं पत्र एक्सप्रेसने आणून दिलं. हा आमचा जीपवाला. राहतो खाली वस्तीत, आणि दर गुरुवारी पाणी, किराणा आणि टपाल घेऊन वर येतो. वाटेत गोगलगाय दिसली तर तो हॉर्न वाजवतो आणि ती पुढे निघून जाते, म्हणून त्याचं नाव एक्सप्रेस. हंगामी नोकरी आहे, वय झालंय, पण एक गुरुवार चुकवत नाही.

मंत्र्यांच्या कळीचं वाचून हसलो. रजिस्टराचं एवढं काय घेऊन बसलीस? उघड्यावर ठेवलेली काड्यांची पट्टी वजनकाट्याला अडकवायची आणि वजन लिहायचं. पट्टी पूर्ण कोरडी असली की शंभर ग्रॅम, वर भरेल तो ओलावा. ती काडी जितकी सुकली, तितकं जंगल सुकलं. दुपारी दोनलाच वजन करायचं, कारण त्या वेळी रान सगळ्यांत कोरडं असतं. हे काम कुणालाही जमेल. एवढी ताठ मान करू नकोस, अवघडेल.

एक विचारतो. जुनी रजिस्टरं सगळीच घ्यायला हवीत का? माझी पहिली सहा वर्षं वगळलीत तरी चालेल की. तेव्हा घरात मामीचं आजारपण होतं, माझं लक्ष ठिकाणावर नसायचं. ती गेल्यानंतरची दोन वर्षं घ्या, ती व्यवस्थित आहेत. तुझ्या संचालकांना सांगून बघ.

वस्तीत सगळं ठीक. शिवणवाली मावशी तुझी आठवण काढत असते. तिची मुलगी लग्न होऊन तुझ्याच शहरात आली आहे, कधीतरी भेट तिला. मावशी मामीसाठी किती राबली हे तुला सांगायला नको.

मामा


२४ मार्च

प्रिय मामा,

तुझा विनय पुरे झाला. तुझी सहा वर्षं वगळायला निघालास, पण तीच सहा वर्षं आमच्या हाती लागलेलं घबाड आहे.

संगणकाला एक गोष्ट सापडली. आजूबाजूच्या सगळ्या टेकड्या दुपारी कडकडीत कोरड्या होतात, तुझी होत नाही. भर उन्हाळ्यात, दुपारी दोनला, तुझी काडी एकशे अठरा, एकशे वीस दाखवते, तीही ओळीने सहा वर्षं. संचालक म्हणतात की दरीतलं धुकं तुमच्या उतारावर अडकत असणार. त्यावर ते लेख लिहिणार आहेत. कार्यालयात सगळे त्याला ‘मामाचा ओलावा’ म्हणतात. शिपाईसुद्धा.

गेल्या दोन वर्षांचे तुझे आकडे मात्र जुळत नाहीत, फारच कमी येतात. सहा वर्षांपुढे दोन वर्षांचं काय चालणार? संगणकाने ते चुकीचे म्हणून बाजूला काढले. तुझा काटा बिघडला असावा, म्हणून या पत्राबरोबर नवा पाठवते आहे.

याचा फायदा लगेच झाला. तुझी टेकडी आता पिवळ्यात आहे, त्यामुळे तुमच्या वस्तीजवळ बसवलेलं पथक आम्ही दोन तासांवरच्या टेकडीवर हलवलं, तिथे खरी गरज होती. पहिल्यांदाच असं वाटलं की माझ्या कामाने कुणाचं घर वाचेल.

आणि ऐक, कार्यक्रमात तुझा सत्कार करायचं ठरतंय. इस्त्रीचा शर्ट आहे का?

टकळी


१ एप्रिल

टकळे,

एक्सप्रेस इंजिन चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात.

नवा काटा लावला. आज दोनला जुन्यावर १०५, नव्यावरही १०५. काटा बिघडलेला नाही. पाऊस होऊन किती दिवस झाले ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. मनोऱ्याखालचं गवत हातात चुरलं की पीठ होतं.

पथक परत पाठव. धुकंबिकं इथे काही अडकत नाही. मी आठ वर्षं इथे बसलोय, असतं तर मला दिसलं असतं.

सत्कार नको.

मामा


६ एप्रिल

मामा,

तुझं पत्र वाचून खरं सांगू, जरा राग आला. पथक काही माझ्या खिशात नाही. ते हलवायचं तर मला कारण द्यावं लागेल, आणि ‘मामाने गवत चुरून पाहिलं’ हे कारण मी संचालकांपुढे कसं ठेवू? एका दिवसाच्या आकड्याने सहा वर्षांचे आकडे खोटे ठरत नाहीत. आम्ही इतकी वर्षं सरकारच्या मागे लागलो ते याचसाठी, की निर्णय कुणाच्या अंदाजपंचे वाटण्यावर होऊ नयेत.

आणि ते सहा वर्षांचे आकडे कुणाचे? तुझेच. तुझ्याच आकड्यांवर तुझा विश्वास नसेल, तर तसं स्पष्ट लिही आणि का ते सांग. नाहीतर मला माझं काम करू दे.

जास्त बोलले असेन तर सोड.

टकळी


१४ एप्रिल

टकळे,

तुझं पत्र एक्सप्रेसने रविवारीच खास फेरी करून आणून दिलं, पण त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं, कारण मला लिहवेना. आज लिहितो आहे. उद्या तो येईल.

तू कारण विचारलंस. आकडे खरे आहेत, त्यातला एकही मनाने लिहिलेला नाही. त्यांच्यापुढची वेळ खोटी आहे.

मामीने अंथरूण धरलं तेव्हा तू शिकायला शहरात गेली होतीस. आम्ही तुला सांगायचो, मावशी बघते, काळजी करू नकोस. मावशी बघायची, पण अकरापर्यंत. मग तिला मशीनवर बसावं लागायचं, तिचंही पोट होतं. मामीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची, आणि एकटी पडली की ती घाबरायची, लहान मुलासारखी माझ्या नावाने हाका मारायची. मी खाली बदली मागितली. दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. मग मी सकाळी आठला वजन करायला लागलो. रजिस्टरात दुपारचे दोन लिहायचो, दहाला टेकडी उतरायचो आणि संध्याकाळी परत चढायचो. गुडघा तिथे गेला.

सकाळी आठला काड्यांवर दव असतं. एकशे अठरा, एकशे वीस. तोच तुमचा मामाचा ओलावा.

पहिल्या दिवशी दोन लिहून मी रजिस्टर लगेच मिटलं होतं. आठवड्याभराने शाई वाळेपर्यंत उघडं ठेवू लागलो. वाटायचं, हे कोण वाचणार आहे? साहेब वर्षातून एकदा येतात, सही ठोकतात आणि चहा पिऊन जातात. हे आकडे पुढे कुणाला शिकवायला वापरतील, आणि शिकवणारी तू असशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मामी गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा दोनला वजन करू लागलो. ते खरे आकडे तुम्ही काटा बिघडला म्हणून फेकले. तुझा दोष नाही त्यात.

मला लाज वाटते ती वेळ खोटी लिहिल्याची. मामीजवळ बसून काढलेल्या एकाही दुपारची वाटत नाही. हे तुला कळेल असं वाटतं.

आज दोनला काडी १०३ भरली. एवढी कमी मी कधी पाहिली नाही. खाली एकशे चाळीस माणसं राहतात. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव, माझी सहा वर्षं काढून टाका आणि पथक परत पाठवा. पेन्शनचं आणि माझं काय व्हायचं ते होऊ दे.

वायरलेसवरच सांगणार होतो. काल बटण दाबलं, तर चारी बाजूंनी ‘बोला मामा’ म्हणून आवाज आले. इथे मला सगळेच मामा म्हणतात. मी ‘सगळं ठीक’ म्हणालो आणि बटण सोडलं. पत्राला चार-पाच दिवस लागतील हे मला माहीत आहे, तरी पत्रच लिहितो आहे. इतकंच धैर्य उरलंय.

मामा


२९ एप्रिल

टकळे,

तुझं पत्र आलं नाही. इथे टपाल नीट येत नाही, तेही असेल. आम्ही सगळे तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये आहोत. मी बाकावर बसून लिहितो आहे.

तुला बातम्यांतून कळलंच असेल, पण माझ्याकडून कळलेलं बरं. एकवीसला, बुधवारी, दीड वाजता तिसऱ्या वळणाखाली मला धूर दिसला. लगेच वायरलेसवर सांगितलं. ड्यूटीवरच्या माणसाने नकाशा बघितला आणि म्हणाला, तुमची टेकडी पिवळ्यात आहे, पिवळ्याला आधी एक माणूस पाठवून खात्री करायची असते. मी म्हटलं, तो माणूस मीच आहे आणि मी बघतो आहे. तो म्हणे, नियम आहे मामा. तेव्हा मी त्या उघड्या वायरलेसवर सगळं ओरडून सांगितलं. सकाळचे आठ, दव, सहा वर्षं, सगळं. मग कुणीतरी म्हणालं, पथक निघालं. ते दोन तासांवर होतं. आग पन्नास मिनिटांत वस्तीत पोचली.

पिवळा असल्यामुळे भोंग्यावर फक्त ‘तयारीत राहा’ असं सांगितलं होतं. लोक तयारीतच राहिले. एक्सप्रेसने जीपमधून तीन फेऱ्या मारल्या, म्हाताऱ्यांना आणि मुलांना काढलं. त्या दिवशी तो खरंच वेगाने चालवत होता. तिसऱ्या फेरीला खालच्या रस्त्याशी जीप सोडून सगळ्यांना चालवत न्यावं लागलं. तापलेलं दार उघडताना त्याचे दोन्ही हात भाजले. बरे होतील असं डॉक्टर म्हणतात.

मावशी गेली. शाळेचे गणवेश शिवून ठेवले होते, त्यांचे गठ्ठे बांधत बसली. तिला वाटलं, वेळ आहे.

बाकी सगळे वाचले.

परवा चौकशी समिती आली. मी काही लपवलं नाही. त्यांनी विचारलं, हे आधी कुणाला कळवलं होतं का? मी म्हणालो, भाचीला पत्र लिहिलं होतं, पोचलं की नाही माहीत नाही. तोच एक्सप्रेस शेजारून बोलला, हातांना बँडेज होती तरी उठून उभा राहिला. म्हणाला, पत्र माझ्या जीपमध्येच राहिलं, टाकायचं विसरलो, जीपबरोबर जळालं. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, मामा, मी ते गुरुवारीच पेटीत टाकलं होतं, पण पोरीचं सगळं आयुष्य पडलंय.

ते तुला कधी मिळालं, हे मी विचारत नाही. मिळालं असेल तर फाडून टाक. चूक माझी होती आणि ती मी कबूल केली आहे. एकाने बुडायचं तर दोघांनी कशाला? तू करतेस ते काम व्हायला हवं. पुढच्या वेळी कुठल्या तरी वस्तीला त्याचा उपयोग होईल.

जेवत जा.

मामा


६ मे

मामा,

तुझं चौदा तारखेचं पत्र मला सोमवारी, एकोणीसला सकाळी मिळालं. पेटीतून काढलं आणि जिन्यातच उभी राहून वाचलं.

मी रडले, तुझ्यासाठी आणि मामीसाठी. मी शहरात परीक्षेचे पेपर लिहीत होते, आणि तू रोज टेकडी चढत-उतरत होतास. पण डोळे पुसल्यावर पुढे मी काय केलं ते ऐक. मी कार्यालयात गेले, पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, तुझी सहा वर्षं वगळली आणि फेकलेली दोन वर्षं परत घेतली. मग संगणकाला पुन्हा गणित करायला बसवलं. चार तास लागले. सोमवारी दुपारी तीनला तुझी टेकडी माझ्या पडद्यावर लाल झाली. माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

गुरुवारी मंत्री येणार होते. गुरुवारपर्यंत नकाशाला हात लावू नका, असं संचालकांनी सगळ्यांना बजावलं होतं. पण मी त्यांच्याकडे जाऊन विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, असं मी पुढे आठवडाभर स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे ते हो म्हणाले असते. मला त्याचीच भीती होती, कारण मग कारण सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. शुक्रवारी गुपचूप दुरुस्त करू, मामाचं पेन्शनही वाचेल. मामा, मी तुझ्या पेन्शनसाठी थांबले नाही. ‘हा माझा मामा’ असं मी भर बैठकीत म्हटलं होतं, त्या ओलाव्यावरच्या संचालकांच्या लेखात माझंही नाव येणार होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून थांबले.

तू मला वायरलेसचं लिहिलंस, की बटण सोडलं. माझ्यापाशी तर फोन होता. पथकाचा नंबर त्यावर होता.

काल मी समितीपुढे गेले. तुझं पत्र दिलं, पाकिटासकट, त्यावर टपालाचा शिक्का आहे. सोमवारचा लाल नकाशाही दिला, तो संगणकात वेळेसकट होता. एक्सप्रेसला पत्र हरवल्याची नोटीस निघाली होती, ती मागे घेतो असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. त्याला म्हणावं, माझ्यासाठी पुन्हा असं काही करू नकोस, आणि त्याच्या हातांना माझा नमस्कार सांग. मला निलंबित केलं आहे. तुझं काय करायचं ते त्यांनी ठरवलेलं नाही. तू अर्ज दोनदा केले होतेस, हे मी लिहून दिलं आणि आवक नोंदी काढायला लावल्या. दोन्ही सापडले. बाकी मनोऱ्यांची रजिस्टरंही आता तपासतायत. आणखी दोन ठिकाणी सकाळचं दव निघालं आहे. तिथली पथकं परवाच परत गेली.

तू पत्र फाडायला सांगितलंस. मी तुझं सगळं ऐकत आले, हे ऐकलं नाही.

समितीच्या खोलीबाहेर मावशीची मुलगी बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं होतं. तू भेट म्हणाला होतास, आणि मी एकदाही गेले नव्हते. तिने मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी बसले. मग तिने विचारलं, “तुला कधी कळलं होतं?”

मी म्हटलं, “सोमवारी.”

“कुठल्या सोमवारी?”

“एकोणीस तारखेच्या.”

ती बोटांवर मोजायला लागली. सोमवार, मंगळवार. मला पटकन सांगता आलं असतं, दोनच दिवस होते. मी तिला मोजू दिलं.

टकळी